‘बफी’चा दुसरा सीझन पाहायचा तर जुन्या डीव्हीडीवर

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

जुन्या परदेशी मालिका ओटीटीवर पुन्हा आल्या की पुरवण्यांमधून त्यांची शिफारस छापून येते. कथा काय, कलाकार कोण, भाग किती, हे सगळे त्यात असते. समोर येणारे चित्र मूळचे आहे की कापलेले, हे मात्र त्यात नसते. पुष्कळ मालिकांत त्याने फारसे बिघडत नाही. ‘बफी द व्हँपायर स्लेअर’च्या दुसऱ्या सीझनमध्ये मात्र मुळातच बिघडते. ही गोष्ट उजेड आणि अंधार यांच्या सीमेवर घडते, आणि नंतर तयार झालेल्या रुंद एचडी आवृत्तीत नेमका तिथेच गोंधळ आहे. हा सीझन पहिल्यांदा पाहणाऱ्या प्रत्येकाने तो जुन्या डीव्हीडीवर, जवळजवळ चौकोनी अशा ४:३ चौकटीतच पाहावा, असे मला मनापासून वाटते. त्यामागची कारणे आणि तो कसा पाहावा याची माहिती इथे देत आहे. पत्र लांबले आहे, पण अर्धवट माहितीवर जुने संच विकत घेतले की पैसे वाया जातात.

ज्यांना मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे. कॅलिफोर्नियातल्या सनीडेल या काल्पनिक गावात नरकाचे तोंड आहे, तिथल्या शाळेत शिकणारी बफी समर्स ही मुलगी व्हँपायर, म्हणजे उन्हाने जळणारी रक्तपिपासू पिशाच्चे, मारण्यासाठी निवडली गेलेली आहे, आणि शाळेचा ग्रंथपाल जाइल्स तिचा मार्गदर्शक आहे. निर्माता जॉस व्हीडन. बफीच्या भूमिकेत सारा मिशेल गेलर. पहिला सीझन मार्च १९९७ मध्ये ‘द डब्ल्यूबी’ या तेव्हा नव्या असलेल्या अमेरिकन वाहिनीवर आला. तो अवघ्या १२ भागांचा आणि स्वभावाने बराचसा खेळकर. दुसरा १५ सप्टेंबर १९९७ ते १९ मे १९९८ असा चालला, २२ भाग. त्यात अर्ध्यावर कथेने जे वळण घेतले, त्यामुळे मालिकेची जातच बदलली.

वळण असे. एंजल हा व्हँपायर असूनही त्याला शापाने आत्मा परत मिळालेला, म्हणून तो पश्चात्तापात जगणारा आणि बफीवर प्रेम करणारा. शापाची अट ही की त्याला एक क्षण जरी निखळ सुख लाभले तरी आत्मा पुन्हा जाईल. बफीच्या सतराव्या वाढदिवसाच्या रात्री ते घडते. दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर उभा राहतो तो तोच चेहरा आणि तोच आवाज असलेला क्रूर माणूस. ‘सरप्राइज’ आणि ‘इनोसन्स’ हे ते दोन भाग. वाहिनीने मालिका सोमवारवरून मंगळवारी हलवली, तेव्हा ते १९ आणि २० जानेवारी १९९८ अशा लागोपाठच्या रात्री दाखवले गेले. ‘इनोसन्स’मधला पाठलाग आणि मारामारी बाजूला ठेवा. खरा घाव आहे तो एंजल तिच्याशी ज्या तुच्छतेने बोलतो त्या दोन-तीन मिनिटांत. तिथे पिशाच्च दिसत नाही, दात दिसत नाहीत. मुलीला रात्रीनंतर परका झालेला मुलगा दिसतो. अलौकिक कथेचा इतका नेमका वापर त्या काळच्या दूरचित्रवाणीवर फार थोड्या ठिकाणी झाला होता.

यापुढे सीझन गडद होत जातो, तो केवळ भावनेने नव्हे, डोळ्यांना दिसणाऱ्या चित्रानेही. छायाचित्रणकार मायकल गर्शमन यांनी सतराव्या ‘पॅशन’ या भागाचे दिग्दर्शनही केले. तो भाग पाहिला की चित्रकाराच्या हातात कथा आल्यावर काय होते ते कळते. एंजल मुलींच्या खिडक्यांबाहेर उभा राहतो, झोपलेल्या बफीच्या उशाशी तिचे रेखाचित्र ठेवून जातो. जाइल्स घरी येतो, दारावर गुलाब, आत पुच्चिनीच्या ‘ला बोएम’ ऑपेराचे सूर, बर्फात ठेवलेली शँपेन, आणि वर जाणाऱ्या जिन्याच्या पायऱ्यांवर गुलाब. वर काय आहे ते इथे सांगत नाही. मात्र तो जिना डोळ्यांसमोर ठेवा, कारण पुढचा सगळा मुद्दा त्या उभ्या चढावाचा आहे.

आता तांत्रिक भाग. पहिले दोन सीझन १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झाले. तिसऱ्यापासून ३५ मिलिमीटर आली. १६ मिलिमीटरच्या चौकटीचे क्षेत्रफळ ३५ मिलिमीटरच्या साधारण पाव, त्यामुळे तीच प्रतिमा पडद्याएवढी करताना फिल्मचे दाणे मोठे दिसतात. रात्रीच्या दृश्यांना जास्त संवेदनशील फिल्म लागते, आणि तिचे दाणे आणखी ठळक असतात. म्हणजे हा सीझन जन्मतःच दाणेदार आहे. दफनभूमीतल्या काळोखात पडद्यावर जी बारीक वळवळ दिसते ती डिस्क खराब असल्याची खूण नव्हे.

रात्रीची काही दृश्ये मात्र रात्री चित्रित झालेलीच नसतात. दिवसा किंवा संध्याकाळी चित्रण करायचे आणि नंतर रंगसंस्कारात चित्र गडद आणि निळसर करायचे, ही जुनी पद्धत आहे. रात्रपाळीचा खर्च वाचतो. अडचण अशी की हा काळोख मूळ निगेटिव्हवर नसतो. निगेटिव्हवर उजेडच असतो. काळोख चढवला जातो तो त्या काळच्या व्हिडिओ प्रतीवर. नव्वदच्या दशकातल्या अमेरिकन मालिकांचे सर्वसाधारण काम असेच चाले. चित्रण फिल्मवर, पण संकलन, रंग आणि संगणकीय परिणाम व्हिडिओटेपवर. व्हँपायरच्या छातीत खुंटी गेली की त्याची क्षणात राख होते, तो परिणामही साध्या ४८० ओळींच्या व्हिडिओवरच बनलेला आहे.

त्यामुळे एचडी प्रत काढायची तर निगेटिव्ह नव्याने स्कॅन करावी लागते, सगळे संकलन मूळ कापांशी फ्रेम जुळवून पुन्हा लावावे लागते, प्रत्येक दृश्याचे रंग पुन्हा ठरवावे लागतात आणि परिणाम पुन्हा बनवावे लागतात. २०१४ मध्ये अमेरिकेत ‘पिव्हट’ या वाहिनीवर ‘बफी’ची एचडी आवृत्ती दिसू लागली, तेव्हा यातली बरीच कामे अर्धवट किंवा घाईत झालेली होती. काही दृश्यांचा काळोख पुन्हा चढवलाच गेला नाही. परिणामी सूर्यप्रकाशाने जळून जाणारे जीव स्वच्छ उजेडात निवांत उभे दिसतात. ज्या कथेत ऊन म्हणजे मृत्यू, तिथे ही रंगाची किरकोळ चूक राहत नाही, कथेचा नियमच मोडतो. सीझनचा शेवट करणाऱ्या ‘बिकमिंग’ या जोडभागाच्या पहिल्या भागात १९९६ च्या लॉस एंजेलिसमध्ये एंजल काळ्या काचांच्या गाडीत बसून शाळेच्या पायऱ्यांवरच्या बफीला पहिल्यांदा पाहतो. बाहेर लख्ख ऊन, आत तो. ते दृश्य भिडते ते उजेडाची शिस्त इतर वीस भागांत पाळली आहे म्हणून.

दुसरा दोष चौकटीचा. मालिका ४:३ (रुंदी ४, उंची ३) चौकटीसाठी रचलेली आहे, आणि एचडी आवृत्ती १६:९, म्हणजे आजच्या रुंद टीव्हीच्या आकाराची, केली आहे. गणित सरळ आहे. ४:३ चित्राची रुंदी कायम ठेवून ते १६:९ करायचे तर उंचीचा पाव भाग कापावा लागतो. दुसरा मार्ग म्हणजे निगेटिव्हवर बाजूला जो जास्तीचा भाग असतो तो उघडायचा. पण चित्रणाच्या वेळी त्या भागात काय आहे याची कुणी फिकीर केलेली नसते. म्हणून काही ठिकाणी दिवे, उपकरणे, कर्मचारी चौकटीच्या कडेला डोकावतात. एचडी आवृत्तीत दोन्ही मार्गांची सरमिसळ आहे. एका शॉटमध्ये कपाळे कापलेली, पुढच्यात कडेला नको ते दिसणारे. जिना, उंच खिडकी, दफनभूमीतले उभे दगड, खाली पडलेली वस्तू, अशी वरखाली रचना असलेल्या चित्राचा पाव भाग गेला की दिग्दर्शकाने नजर जिथून जिथे न्यायची ठरवली होती ती वाटच तुटते. ‘पॅशन’मध्ये एक फ्लॉपी डिस्क टेबल आणि कपाटाच्या फटीत पडते, आणि पुढे चार भाग ती तिथेच असते. सगळ्या सीझनचा शेवट त्या फटीवर अवलंबून आहे. या मालिकेत चौकटीचा खालचा भाग फुकटचा नाही.

तिसरा दोष दाण्यांशी झालेल्या झटापटीचा. दाणे पुसणारे सॉफ्टवेअर त्वचेची छिद्रे आणि दाणे यांत फरक करत नाही, म्हणून चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात. ‘सरप्राइज’ आणि ‘इनोसन्स’च्या रंगभूषेला १९९८ चा एमी हा अमेरिकन दूरचित्रवाणी पुरस्कार मिळाला आहे. कपाळावरच्या वळ्या, भुवयांचा उंचवटा, कातडीला बेमालूम मिळालेली कड हे सगळे पाहण्याजोगे काम. ते पुसून मिळालेली स्वच्छता कुणाच्या उपयोगाची, हे कळत नाही.

मग डीव्हीडीच का? या मालिकेची ब्लू-रे निघालेली नाही. ओटीटीवरची रुंद प्रत म्हणजे हीच एचडी आवृत्ती. व्हीएचएसवरही हे भाग आले होते, पण काळोखाचे तपशील त्या फितीत टिकत नाहीत आणि आपल्याकडच्या दमट हवेत फितीला बुरशी लागते, त्यामुळे त्या वाटेला जाऊ नये. राहते ती डीव्हीडी. दुसऱ्या सीझनचा अमेरिकन संच ११ जून २००२ रोजी आला. ६ डिस्क. पहिल्या पाचांवर प्रत्येकी चार भाग, सहाव्यावर ‘बिकमिंग’चे दोन भाग आणि पूरक माहितीपट. ‘इनोसन्स’वर व्हीडन यांचे निवेदन आहे, ते भाग एकदा तसाच पाहून झाल्यावर ऐकावे. ब्रिटिश संचही ४:३ आहे. चौकटीबद्दल जो गोंधळ ऐकू येतो तो चौथ्या सीझनपासूनचा. तिथून पुढे ब्रिटिश संच रुंद आहेत आणि अमेरिकन ४:३. दुसऱ्यापुरता दोन्हींत चौकटीचा प्रश्न नाही.

दोन संचांत निवड कशी करावी? डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागापुरती चालेल अशी बनवतात, आणि एनटीएससी व पाल या टीव्ही चित्राच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकन संच विभाग १ चा आणि एनटीएससी, ब्रिटिश विभाग २ चा आणि पाल. भारत विभाग ५ मध्ये येतो, त्यामुळे न्यू जर्सीहून किंवा लंडनहून नातेवाइकांनी आणलेला संच घरच्या साध्या प्लेअरवर बहुधा चालणार नाही. प्लेअर सर्व विभागांचा हवा. घेण्याआधी दुकानदाराकडे तशी खात्री करावी. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हचा विभाग साधारण पाचच वेळा बदलता येतो आणि शेवटच्या बदलाला तो कायमचा होतो, म्हणून सहज म्हणून बदलत बसू नये. व्हीएलसी हा मोफत प्लेअर बऱ्याच ड्राइव्हवर विभाग न बदलताच डिस्क उघडतो. आधी तो प्रयत्न करावा.

पालमध्ये ५७६ ओळी, एनटीएससीत ४८०. ओळींच्या हिशेबाने पाल वीस टक्के सरस. पण सेकंदाला २४ चित्रांची फिल्म पालच्या २५ वर आणण्यासाठी ती नुसती वेगाने चालवली असेल, तर ४४ मिनिटांचा भाग सुमारे ४२ मिनिटांत संपतो आणि स्वर अर्ध्या सुरापेक्षा थोडा कमी चढतो. ओळखायचे सोपे आहे. प्लेअरवर भागाची लांबी पाहा. ४४ च्या आसपास असेल तर वेग मूळचा, ४२ असेल तर चढवलेला. या सीझनचे बरेचसे संगीत क्रिस्टोफ बेक यांचे आहे, आणि ‘बिकमिंग’च्या पहिल्या भागाच्या संगीतासाठी त्यांना एमी मिळाला. बफी आणि एंजलची ती संथ धून चढ्या सुरात ऐकणे मला पटत नाही. माझे मत अमेरिकन संचाला.

एनटीएससीची स्वतःची खोड आहे. २४ चित्रांतून ६० अर्धचित्रे (एक सोडून एक ओळींची चित्रे) काढताना एक चित्र दोनदा, पुढचे तीनदा असे वाटले जाते. संकलन व्हिडिओवर झाल्यामुळे कापाकापाला हा क्रम तुटतो, आणि हलणाऱ्या हाताच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेषा दिसतात. संगणकावर व्हीएलसीच्या व्हिडिओ मेनूत डीइंटरलेस (या रेषा काढणारी सोय) चालू करून ‘फिल्म एनटीएससी’ हा प्रकार लावून पाहावा. क्रम तुटलेल्या जागी रेषा राहिल्या तर त्याच यादीतला ‘यादिफ’ हा प्रकार लावावा. टीव्हीला जोडलेल्या प्लेअरमध्ये आउटपुट ‘पाल’वर अडकलेले असेल तर प्लेअर स्वतःच रूपांतर करतो आणि कॅमेरा फिरताना चित्र हिसके देते. सेटिंग ‘ऑटो’ किंवा ‘एनटीएससी’ ठेवावे. आजचे एलईडी टीव्ही दोन्ही पद्धती घेतात. फक्त पाल घेणाऱ्या जुन्या डबा टीव्हीवर हेच चित्र कृष्णधवल दिसते किंवा वर सरकत राहते.

वापरलेला संच घेताना तपासणी अशी. डीव्हीडीचा माहितीचा थर दोन चकत्यांच्या मध्ये असतो, त्यामुळे सीडीप्रमाणे वरच्या छापील बाजूच्या ओरखड्याने ती लगेच मरत नाही. खालची बाजू दिव्याखाली तिरकी धरून पाहावी. केंद्राकडून कडेकडे गेलेले बारीक ओरखडे बहुतेक चालून जातात. कडेला समांतर, गोलाकार गेलेले घातक, कारण लेझर सलग बराच वेळ त्याच रेषेवर राहतो. पुसतानाही म्हणूनच मऊ सुती कापडाने केंद्राकडून बाहेर पुसावे, गोल फिरवून नाही. चार भागांची डिस्क दुहेरी थराची असते, साधारण ८.५ जीबी. पहिला थर आतून बाहेर वाचला जातो, दुसरा बाहेरून आत. याचा अर्थ डिस्कची बाहेरची कड, जिथे बोटांचे ठसे आणि घासपट्टी जास्त, ती सुरुवातीला किंवा शेवटी येत नाही. ती मध्यावर, म्हणजे साधारणपणे दुसऱ्या भागाच्या अखेरीस आणि तिसऱ्याच्या सुरुवातीला येते. दुकानात पहिली दोन मिनिटे चालवून डिस्क चांगली म्हणणे म्हणूनच निरुपयोगी. चौथ्या डिस्कवर दुसरा भाग ‘इनोसन्स’ आहे. त्याची शेवटची दहा मिनिटे आणि पुढच्या भागाची पहिली पाच चालवून पाहावीत. थर बदलताना अर्धा-एक सेकंद चित्र थबकते, तो दोष नव्हे. त्याहून जास्त अडकले किंवा चौकोनी ठिगळे उमटली तर संच घेऊ नये.

चार भाग म्हणजे १७६ मिनिटे एका डिस्कवर. आवाजासह सरासरी साडेसहा मेगाबिट प्रति सेकंदाहून कमीच वाट्याला येते, आणि दाणेदार अंधार दाबायला सर्वांत अवघड. म्हणून अगदी निर्दोष डिस्कवरही काळ्या भिंतीवर अधूनमधून चौकोन तरळतात. ती या प्रतीची मर्यादा आहे. ती मान्य करूनही, मूळ चौकट आणि मूळ काळोख तिच्यातच आहे.

आता टीव्ही. रिमोटवर चित्राचा आकार ४:३ किंवा ‘मूळ’ निवडावा. ‘वाइड’, ‘झूम’, ‘स्मार्ट स्ट्रेच’ सगळे बंद. दोन्ही बाजूंना पडद्याच्या एक अष्टमांश रुंदीच्या काळ्या पट्ट्या येतील. ४३ इंची टीव्हीवर चित्र ३५ इंची उरते. त्याने कुरकुरू नये, जवळ बसावे. आकार बरोबर आहे का हे तपासायला पूर्ण चंद्राचे किंवा गोल घड्याळाचे दृश्य थांबवून पट्टीने आडवे-उभे मोजावे. पंधराव्या ‘फेजेस’ या भागात मानवलांडगा आहे, तेव्हा चंद्राला तोटा नाही. कुणी स्वतःच्या डिस्कची संगणकावर प्रत केली असेल आणि चेहरे रुंद दिसत असतील, तर ७२० गुणिले ४८० हे आकडे जसेच्या तसे चौकोनी बिंदू धरले गेले आहेत. पालच्या प्रतीत त्याच चुकीने चेहरे लांबट होतात. प्लेअरमध्ये ४:३ सक्तीने लावले की दोन्ही सुटते.

काळोखासाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट एचडीएमआयची काळी पातळी. ० ते २५५ च्या मापात डीव्हीडीचे काळे १६ वर आणि पांढरे २३५ वर असते, याला ‘लिमिटेड’ म्हणतात; सगळे माप वापरणे म्हणजे ‘फुल’. प्लेअर ‘लिमिटेड’ पाठवतो आणि टीव्ही ‘फुल’ समजतो तेव्हा रात्र राखाडी धुक्यासारखी दिसते. उलट झाले तर सावल्यांतले सगळे तपशील बुडतात. दोन्हीकडे एकच ठेवावे. परीक्षा करायला स्पाइक हा व्हँपायर बरा. तिसऱ्या ‘स्कूल हार्ड’ भागात तो पहिल्यांदा येतो, अंगात काळा चामडी कोट. मागची रात्र काळी राहून कोटाच्या घड्या दिसल्या की पातळी जमली. घड्या दिसत नसतील तर ब्राइटनेस एकेक अंकाने वाढवावा, कोट राखाडी वाटू लागला की एक अंक मागे यावे. त्यानंतर ‘डायनॅमिक कॉन्ट्रास्ट’, ‘नॉइज रिडक्शन’, शार्पनेस आणि हालचाल गुळगुळीत करणारी सोय, हे सगळे बंद किंवा शून्यावर. टीव्हीचे नॉइज रिडक्शन चालू ठेवले तर एचडी आवृत्तीला नावे ठेवण्यात अर्थ नाही, घरातच तोच मेणाचा चेहरा तयार होतो. खोलीत दिवा हवा असेल तर तो टीव्हीच्या मागे, मंद. समोरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब काळ्या चित्रावर हमखास पडते.

पाहण्याच्या क्रमाबद्दल एवढेच, की थेट तेराव्या भागावर उडी मारू नये. आधीचे साधे, कधी ढिले भागही हवेत, कारण एंजलचा चांगुलपणा तिथे मुरतो. ‘बॅड एग्ज’ आणि ‘गो फिश’ गाळले तर कथेचे नुकसान नाही. ‘लाय टू मी’ गाळू नये. मरणाच्या दारात उभ्या असलेल्या मित्राची ती गोष्ट, आणि शेवटी दफनभूमीत बफी आणि जाइल्स यांच्यातला संवाद, पुढच्या सगळ्या अंधाराची खरी तयारी तिथे आहे. ‘सरप्राइज’ आणि ‘इनोसन्स’ एका बैठकीत, ‘बिकमिंग’चे दोन्ही भागही तसेच. अखेरच्या भागाची श्रेयनामावली सुरू झाली की उठू नये. प्रत्येक भागाच्या शेवटी निर्मितीसंस्थेचा एक छोटा राक्षस गुरगुरत जातो. या भागात तो दुसरेच काही बोलतो. पुढचा भाग आपोआप सुरू करणाऱ्या ओटीटीवर असे क्षण निसटतात.

संच मिळाल्यावर तो टिकवणेही आले. जुन्या संचांची पुठ्ठ्याची वेष्टने कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात बुरशी धरतात, आणि ती डिस्कवर उतरते. डिस्क प्लॅस्टिकच्या साध्या डब्यांत हलवाव्यात, उभ्या ठेवाव्यात, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या टाकून दर पावसाळ्याआधी त्या बदलाव्यात. डिस्क वेष्टनातून काढताना कडेने वाकवून ओढू नये, मधली कळ दाबून सोडवावी. मधल्या छिद्राशी गेलेली बारीक चीर वाढत जाते.

चांगली एचडी प्रत अशक्य आहे, असे कुणी म्हणू नये. ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’ची निगेटिव्ह नव्याने स्कॅन करून, अवकाशयानांचे परिणाम मूळ फिल्मच्या तुकड्यांतून पुन्हा जुळवून, ४:३ चौकट न मोडता २०१२ ते २०१४ मध्ये सगळे सीझन ब्लू-रेवर आले. खर्च प्रचंड होता, पण वाट दिसली. ‘बफी’च्या हक्कधारकांकडे जगभरचे चाहते हेच मागत आहेत: मूळ चौकट, मूळ काळोख, दाणे शाबूत.

आपल्या वृत्तपत्राकडे मागणे त्याहून खूप लहान आहे. जुन्या मालिकेची किंवा चित्रपटाची शिफारस छापताना एक ओळ वाढवावी: मूळ चौकट कोणती, आणि उपलब्ध प्रत त्याच चौकटीत आहे का. दूरदर्शनच्या काळातल्या मराठी मालिकाही ४:३ मध्येच चित्रित झालेल्या आहेत, आणि त्याही आज ताणून किंवा डोकी कापून दाखवल्या जाण्याचा धोका तितकाच आहे. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, चौकटीचे मोल जाणणारी माणसे आपल्याच गावात आहेत. त्यांच्यापैकी कुणाकडून या विषयावर पुरवणीत सविस्तर लिहून घेतले, तर वाचकांच्या नक्की उपयोगी पडेल.

कळावे,
आपला,
एक वाचक, पुणे